काळ्या कागदाखालचं पान

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला वीस मिनिटं दिली आहेत. शाळेत वक्तृत्व स्पर्धेला पाच मिनिटं असायची आणि तिसऱ्या मिनिटाला मी हमखास विसरायचे. मग मराठीच्या बाई पडद्याआडून पुढचं वाक्य सांगायच्या. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

मागच्या वर्षी आपल्या ग्रुपवर ठरलं, की प्रत्येकाने आपण काय काम करतो ते दोन ओळींत लिहायचं. मी लिहिलं, "कॅन्सरवर प्रकाशाने उपचार करणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिहिते." त्यावर नेहमीप्रमाणे अंगठे आले, नमस्कार आले. एकाने विचारलं, "म्हणजे गणपतीतला लेसर शो का?" आणि रात्री साडेअकराला आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा फोन आला. इकडचं तिकडचं काही न बोलता तो म्हणाला, "अगं, तू ते लाइटचं औषध करतेस ना? ते मला मिळवून दे."

त्याला मी काय उत्तर दिलं आणि का दिलं, हेच आज सांगणार आहे. तो मित्र या सभागृहात आहे. मी त्याची परवानगी घेतली आहे. त्याने मोबाइलवर लिहून पाठवलं, "नाव सोडून सगळं सांग."

आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही. मी औषध बनवत नाही, कुणाला देत नाही. मी इंजिनिअर आहे. पण गेली दहा-बारा वर्षं ही औषधं बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या माणसांमध्ये वावरते आहे. त्यांचं काम मला समजलं, त्याला कारण आपली प्रयोगशाळा आहे. तुम्हाला पानाचा प्रयोग आठवतो का?

विज्ञानाच्या सरांनी कुंडी दोन दिवस कपाटात, अंधारात ठेवली होती. मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी व्हरांड्यात उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी ते पान तोडलं, उकळलं, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग घालवला आणि वर आयोडीनचे थेंब टाकले. सगळं पान निळं-काळं झालं, फक्त कागदाखालची पट्टी फिक्कट राहिली. सरांनी विचारलं, "कागदाखाली हरितद्रव्य होतं का? होतं. पाणी होतं का? होतं. मग काय नव्हतं?" आपण सगळे एका सुरात ओरडलो होतो, "प्रकाश!"

कॅन्सरचा हा उपचार म्हणजे तोच प्रयोग, फक्त उद्देश उलटा. तिथे प्रकाश पडेल तिथे पिष्ट तयार होतं, इथे प्रकाश पडेल तिथे पेशी मरते.

याची सुरुवात जर्मनीतल्या म्युनिकमध्ये झाली, तीही योगायोगाने. ऑस्कर राब नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी प्राध्यापक फॉन टापाइनर यांच्या हाताखाली काम करत होता. आपण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला पॅरामेशियम आठवतो ना, चपलेच्या आकाराचा? त्या जीवांवर ॲक्रिडिन नावाच्या रंगाचा काय परिणाम होतो, हे तो तपासत होता. रंग तोच, मात्रा तीच, तरी कधी जीव मरायचे आणि कधी जिवंत राहायचे. आपल्यापैकी कुणी असता तर वहीत 'निरीक्षण चुकले' असं लिहून मोकळा झाला असता. राबने मात्र विचारलं, दोन दिवसांत फरक कशाचा होता? असं सांगतात, की ज्या दिवशी जीव वाचले त्या दिवशी बाहेर वादळी पाऊस होता आणि खोलीत उजेड कमी होता. नुसता रंग मारत नाही, नुसता प्रकाश मारत नाही, दोन्ही एकत्र आले की मारतात, हे त्याने १९०० साली प्रसिद्ध केलं. टापाइनरांनी पुढे दाखवलं, की यात तिसरा भागीदारही लागतो, तो म्हणजे ऑक्सिजन. १९०३ मध्ये त्यांनी आणि येसिओनेक यांनी त्वचेच्या गाठींवर इओसिन हा रंग लावून प्रकाश टाकून पाहिलासुद्धा.

हे रंग माणसाच्या शरीरात काय करतील? १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने रक्तापासून मिळणारं हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःच्याच शिरेत टोचून घेतलं, २०० मिलिग्रॅम. मग उन्हात गेला. चेहरा आणि हात असे सुजले, की त्याचे फोटो आजही वैद्यकाच्या पुस्तकांत छापतात. पुढे दोन महिन्यांहून जास्त काळ त्याला ऊन सोसेना. सर, तुम्ही सांगायचात, "प्रयोग स्वतः करून पाहा." हा प्रयोग मात्र कुणी घरी करू नये.

पॉर्फिरिन हा शब्द लक्षात ठेवा. ही रेणूंची एक अंगठी आहे. अंगठीच्या मधोमध लोह बसलं, की आपल्या रक्ताला लाल करणारा हीम तयार होतो. थोडाफार बदल होऊन मधे मॅग्नेशियम बसलं, की पानातलं हरितद्रव्य होतं. म्हणजे सरांच्या कुंडीतलं पान आणि आपलं रक्त एकमेकांचे चुलतभाऊ आहेत, आणि या उपचारातली बहुतेक औषधं त्याच घराण्यातली.

आता हे औषध काम कसं करतं? शिरेतून दिलं, की ते सगळ्या शरीरात फिरतं. काही काळाने निरोगी भागातून बरंचसं निघून जातं आणि गाठीत जास्त राहतं. तोपर्यंत ते झोपलेलं असतं. मग बारीक फायबरने गाठीवर ठरावीक रंगाचा, सहसा लाल, प्रकाश टाकतात. औषधाचा रेणू तो प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. असा चेतवलेला ऑक्सिजन हाताला लागेल त्याच्याशी भिडतो, पण क्षणार्धात विझतो. तेवढ्या वेळात एका पेशीची रुंदीसुद्धा ओलांडून तो जात नाही. त्यामुळे जिथे औषध आहे आणि प्रकाशही आहे, तिथेच जळतं. शिवाय गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात आणि मेलेल्या पेशी पाहून शरीराची संरक्षक यंत्रणाही जागी होते.

अमेरिकेत बफेलो शहरातल्या रोझवेल पार्क संस्थेत थॉमस डॉगर्टी या रसायनशास्त्रज्ञाने हे काम १९७० च्या दशकात रुग्णांपर्यंत नेलं. १९७८ मध्ये त्याच्या चमूने २५ रुग्णांच्या त्वचेवरच्या आणि त्वचेखालच्या ११३ गाठींवरचे निष्कर्ष छापले. १११ गाठी पूर्ण किंवा अंशतः विरल्या होत्या. त्यातून आलेल्या फोटोफ्रिन या औषधाला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. आपण शाळेत होतो तेव्हाची ही गोष्ट.

फोटोफ्रिनचा मोठा त्रास म्हणजे ते त्वचेत रेंगाळतं. किमान ३० दिवस रुग्णाला उन्हापासून जपावं लागतं. सनस्क्रीन लावून भागत नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि हे औषध दिसणाऱ्या उजेडानेच जागं होतं. गंमत म्हणजे रुग्णाने अंधाऱ्या खोलीतही बसून राहायचं नसतं. घरातल्या साध्या उजेडात त्वचेतलं औषध हळूहळू निकामी होतं, आणि ते व्हायलाच हवं.

म्हणून पुढच्या संशोधकांनी तीन गोष्टींचा पाठलाग केला. औषध लवकर शरीराबाहेर जावं, ते कॅन्सरच्या पेशीलाच चिकटावं आणि जास्त खोल जाणाऱ्या प्रकाशाने जागं व्हावं.

कॅनडातल्या केनेडी आणि पॉटियर यांनी १९९० मध्ये फार सुंदर युक्ती मांडली. तयार औषध देऊच नका, शरीर हीम बनवताना जो कच्चा माल वापरतं तोच जास्त द्या. त्याचं नाव अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड. कॅन्सरच्या पेशी त्यापासून पॉर्फिरिन बनवतात, पण पुढची पायरी त्यांना नीट जमत नाही आणि ते आतच साचतं. निळा प्रकाश टाकला, की त्या पेशी लालसर चमकतात. मेंदूच्या काही गाठी काढताना सर्जनला गाठीची हद्द कळावी म्हणून हेच औषध पाजतात. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी युरोपने सुरुवातीच्या टप्प्यातल्या, कमी धोक्याच्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी पॅडेलिपॉर्फिन मान्य केलं. ते प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंच्या हरितद्रव्यापासून बनवलं आहे आणि काही तासांत शरीराबाहेर जातं. २०२० मध्ये जपानने डोकं आणि मानेच्या भागातल्या काही वाढलेल्या कॅन्सरसाठी एक वेगळं औषध मान्य केलं. त्यात प्रकाशाने जागा होणारा रंग एका प्रतिपिंडाला बांधलेला आहे. प्रतिपिंड कॅन्सरच्या पेशीचं दार शोधतं, रंग दारात उभा राहतो आणि प्रकाश त्याला हुकूम देतो. ही कल्पना अमेरिकेत काम करणाऱ्या हिसाताका कोबायाशी यांची.

आता माझा भाग. फोटोफ्रिनने अन्ननलिकेवर उपचार करताना फायबरच्या दर सेंटिमीटरमागे ३०० ज्यूल ऊर्जा द्यायची असते. दिव्याची शक्ती दर सेंटिमीटरला ४०० मिलिवॅट. गणिताचे सर बसले आहेत, म्हणून तोंडी करते. ३०० भागिले ०.४, म्हणजे ७५० सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटं. या हिशोबाचं सॉफ्टवेअर किती सोपं, नाही का? बटण दाबलं की घड्याळ चालू, ७५० झाले की दिवा बंद. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच हिशोबाचा कोड मी अगदी अभिमानाने लिहिला.

आमच्या चाचणी विभागातल्या एका मुलीने प्रकाशाचा मीटर समोर ठेवून ते यंत्र तपासलं. दिवा तापला, की त्याची शक्ती हळूहळू उतरत होती. घड्याळ म्हणालं, उपचार पूर्ण. मीटर म्हणाला, अजून बराच बाकी आहे. माझा कोड वेळ मोजत होता, प्रकाश मोजतच नव्हता. चूक टेबलावरच सापडली, कुठल्याही रुग्णापर्यंत पोचली नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण अशा वेळी काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. पडद्यावर हिरवी खूण येते, डॉक्टर हात धुतात, रुग्ण घरी जातो आणि आत अर्धवट मेलेली गाठ राहते.

दुसरी गोष्ट पुढे शिकले. उरलेला प्रकाश भरून काढायला दिवा प्रखर केला तरी भागत नाही. फार घाईने प्रकाश ओतला तर तिथला ऑक्सिजन संपतो आणि रक्तातून नवा पोचायला वेळ लागतो. तिसरा भागीदारच नाही म्हटल्यावर उरलेला प्रकाश वाया. काही वेळा सावकाश किंवा थांबून थांबून दिलेला प्रकाश जास्त काम करतो.

आणि तिसरी गोष्ट, जी कुठल्याच सॉफ्टवेअरने सुटत नाही. लाल प्रकाश शरीरात फार खोल जात नाही. टॉर्चवर तळहात ठेवून पाहिला आहे ना? बोटांच्या कडा लाल दिसतात, मधला भाग अंधारा. रक्त आणि मांस प्रकाश शोषतात, विखुरतात. वरून टाकलेल्या प्रकाशाचा परिणाम काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर. सुया टोचून फायबर गाठीत उतरवता येतात, जपानमध्ये आणि प्रोस्टेटच्या उपचारात तसं करतात. पण गाठ हाडात गेली असेल किंवा दूर कुठे पसरली असेल, तर प्रकाशाने तिचा पाठलाग करता येत नाही. सरांच्या पानासारखंच. प्रकाश पोचला तेवढंच पान रंगतं.

आता मित्राच्या फोनकडे येते. त्याला गालाच्या आतल्या बाजूला तीन वर्षं पांढरा चट्टा होता. तिखट लागलं की आग व्हायची. तोंड आधी तीन बोटं उघडायचं, मग दोन, मग दीड. वहिनींनी विचारलं, भाकरी दुधात कुस्करून का खाता, तर म्हणाला पित्त झालंय. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे. टपरीवर काय मिळतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शेवटी जखम झाली, तपासणी झाली, कॅन्सर निघाला. सर्जनने ऑपरेशनची तारीख दिली. आणि त्याच आठवड्यात कुणीतरी त्याला व्हिडिओ पाठवला, पाच मिनिटांत लाइटने कॅन्सर गायब, ना टाके ना रक्त.

मी रिपोर्ट मागवला आणि आमच्याबरोबर काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवला. आजार जबड्याच्या हाडापर्यंत गेला होता. मी त्याला सांगितलं, "हा उपचार तुझ्यासाठी नाही. सर्जन सांगतात ते ऑपरेशन करून घे. तारीख एक दिवससुद्धा पुढे ढकलू नकोस." तो चिडला. म्हणाला, "स्वतःच्याच मालावर तुझा विश्वास नाही का?" आणि फोन ठेवला.

त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा राहिलं, ते आज देते. माझा त्याच्यावर विश्वास आहे, म्हणूनच तो कुठे चालत नाही हे मला सांगता यायला हवं. आपल्याच देशात, अलीगढच्या वैद्यकीय महाविद्यालयात, बॉस्टनच्या संशोधकांबरोबर तोंडाच्या कॅन्सरवर हा उपचार करून पाहिला आहे. पिण्याचं औषध, तोंडात मावेल असा बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा, आणि गाठ चमकते का ते पाहायला मोबाइलचा कॅमेरा. जिथे धड वीज नसते, मोठं ऑपरेशन थिएटर नसतं, अशा ठिकाणी पोचावं म्हणून केलेलं यंत्र. अनेक रुग्णांत गाठ पूर्ण गेली, सर्वांत नाही. पण ते सगळे रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले होते. गाठ लहान आणि वरवरची. आणि तो संशोधनातला उपचार होता, कुठल्याही दवाखान्यात मागितला की मिळेल असा नव्हे. माझा मित्र तीन वर्षं आधी आला असता, तर कदाचित कुठल्याच दिव्याची गरज पडली नसती. तंबाखू सोडून आणि तो चट्टा वेळेत दाखवूनच पुष्कळ काही झालं असतं.

एवढं बोलून मला उपदेश करून खाली बसता आलं असतं. पण एक गोष्ट राहते, आणि ती माझी आहे. या फोनच्या दोन वर्षं आधी आम्ही एका लग्नात भेटलो होतो. पंगतीत तो शेजारी होता. मसालेभात बाजूला सारून तो नुसता मठ्ठा पीत होता, आणि हसताना तोंडावर हात धरत होता. मी म्हटलं, "काय रे, डाएटवर का?" आणि आम्ही दोघं हसलो. दिवसभर कॅन्सरच्या यंत्रावर काम करणारी बाई मी. तोंड तीन बोटं उघडतं का, तिखटाने आग होते का, हे प्रश्न मला पाठ होते. ते मी शेजारी बसलेल्या मित्राला विचारले नाहीत. माझ्या कोडसारखीच मीही वेळ मोजत होते. पंगत उठली, भेट झाली, हिरवी खूण.

दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला, "ठरलेल्या तारखेलाच करतोय." ऑपरेशन झालं, जबड्याचा काही भाग काढावा लागला, पुढे सहा आठवडे किरणोपचार झाले. आज तो आपल्यात आहे. बोलायला त्रास होतो, म्हणून त्याच्या वाटचं मी बोलते आहे. आज जेवणात एका पातेल्यात मऊ भात आणि फिकं वरण वेगळं ठेवलं आहे ते त्याच्यासाठी. ते कुणी चुकून संपवू नये, अशी संयोजकांची सूचना आहे.

परवा मी त्याला विचारलं, भाषणाच्या शेवटी काय सांगू? त्याने लिहिलं, "आरसा दाखव." म्हणून हे त्याच्यातर्फे. आज घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहा, टॉर्च घ्या आणि तोंड उघडा. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तीन बोटं आत न जाणारं तोंड, यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. पित्त म्हणू नका. आणि पंगतीत शेजारचा मसालेभात बाजूला सारत असेल, तर चेष्टा करू नका, विचारा.

औषधं अजून चांगली होतील, प्रकाश अजून थोडा खोल जाईल, त्यासाठी पुष्कळ हुशार माणसं झटत आहेत. पण काळा कागद आपण स्वतःच लावून ठेवला, तर तो आधी आपल्यालाच काढावा लागतो. सर, तुमच्या त्या पानाचा अर्थ मला तीस वर्षांनी कळला.

बाई, आज मी विसरले नाही.